स्वस्त गावाचा हिशोब : कोलंबस, इंडियाना इथल्या एका मराठी कुटुंबाची दीड वर्षं

हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहिलं आहे. नावं, हुद्दे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. आकडे त्यांच्याच वहीतले, दहाच्या पटीत गोल केलेले. मी इंडियानापोलिसला राहते, पूर्वी हिशोब तपासनीस होते, आणि नव्याने या भागात येणारी मराठी घरं अधूनमधून आपली वही घेऊन माझ्याकडे येतात. हे घर आलं तेव्हा त्यांच्या वहीतली बेरीज बरोबर होती. चूक दुसरीकडेच होती.

पार्श्वभूमी

कोलंबस म्हटलं की लोकांना ओहायोचं आठवतं. हे ते नव्हे. हे इंडियानातलं, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. पुण्यातले नातेवाईक अजून त्या मोठ्या कोलंबसचं हवामान बघून फोन करतात आणि इथे नसलेल्या बर्फाची काळजी करतात. कमिन्स ही इंजिनं बनवणारी कंपनी इथे १९१९ साली सुरू झाली, मुख्यालय आजही इथेच आहे. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली निघाली आणि तेव्हापासून कोथरूड-कर्वेनगरच्या इंजिनियरांना या गावाचं नाव पाठ आहे. गावात भाजी घेताना मागून मराठी कानावर पडली तर कुणी दचकत नाही.

गावाची आणखी एक गंमत म्हणजे इथल्या इमारती. सारिनेन बाप-लेकांची चर्चं, आय. एम. पेई यांचं ग्रंथालय. कमिन्स फाउंडेशनने १९५७पासून सार्वजनिक शाळांच्या वास्तुरचनाकारांची फी भरायला सुरुवात केली, त्यामुळे प्राथमिक शाळासुद्धा पाहत राहाव्यात अशा. शाळा बघून गाव श्रीमंत वाटतं आणि घरभाडं ऐकून स्वस्त. सचिन आणि रेवती पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, मुलाखतीला जोडून दोन दिवस. मे महिन्यात हे गाव कुणालाही आवडेल.

सचिन मूळचा कर्वेनगरचा, मेकॅनिकल इंजिनियर. रेवती नाशिकची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. मुलगी तीन वर्षांची. २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत ते न्यू जर्सीत एडिसनजवळ दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. सचिन एच-१बी व्हिसावर. त्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने करायचा अर्ज) मंजूर असल्यामुळे रेवतीला एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, काम करण्याचा परवाना मिळालेला. पगार त्याचा १ लाख १८ हजार डॉलर, तिचा ८२ हजार. कर, विमा आणि निवृत्तीची कपात जाऊन दोघांचे मिळून महिन्याला १०,८०० डॉलर हातात येत.

खर्च असा : भाडं २,४५०, डेकेअर १,७५०, एका गाडीचं सगळं मिळून ३३०, रेवतीचा रेल्वेप्रवास १८०, वाणसामान ८५०, वीज-फोन-इंटरनेट ३२०, भारतात पाठवायचे ५००, बाहेरचं खाणं ४५०, दवाखाना १५०, इतर ५००. एकूण ७,४८०. मागे उरत ३,३२०.

ही काही हलाखी नव्हे. पण घर घ्यायचं मनात आलं की न्यू जर्सीची किंमत आणि मालमत्ता कर समोर उभा राही. त्या राज्यात घरमालकाचं मालमत्ता कराचं सरासरी बिल वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात आहे, देशात सर्वांत जास्त. इंडियानात राहत्या घरावरचा हा कर घराच्या सरकारने ठरवलेल्या किमतीच्या १ टक्क्यापुढे जाऊ नये अशी मर्यादा राज्यघटनेतच घातली आहे. सचिनला हे कळलं तेव्हा, रेवतीच्या शब्दांत, ‘त्याने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.’

अडचण

कोलंबसमधल्या एका मध्यम कंपनीने सचिनला १ लाख ४ हजारांची नोकरी देऊ केली. पगार १४ हजारांनी कमी, पण काम त्याच्या आवडीचं आणि घरापासून आठ मिनिटांवर. प्रश्न एवढाच होता : कमी पगार आणि स्वस्त गाव यांत शिल्लक वाढेल का?

दोघांनी एका रविवारी वही मांडली. भाडं १,४५०, तेही तीन खोल्या आणि गराज असलेल्या टाऊनहाऊसचं. डेकेअर १,१००. रेल्वे शून्य. वाणसामान ७००, बाहेरचं खाणं ३००, बाकी जसंच्या तसं. एकूण ५,३५०. दोघांच्या पगारातून हातात येणार १०,१००. शिल्लक ४,७५०, म्हणजे न्यू जर्सीपेक्षा महिन्याला १,४३० जास्त.

या हिशोबात दोन गृहीतकं दडली होती. एक, रेवतीची न्यू जर्सीची नोकरी घरून चालू राहील. दोन, घर एका गाडीवर चालेल. पहिल्याला आधार होता तिच्या मॅनेजरच्या तोंडी होकाराचा. दुसऱ्याला तर तेवढाही नव्हता, ते नुसतं जुन्या वहीतून नव्या वहीत उतरलं होतं.

समोरचे पर्याय

तीन पर्याय त्यांनी खरोखर तपासले. न्यू जर्सीत राहायचं आणि पगारवाढीची वाट बघायची. सचिनने सहा महिने एकट्याने जाऊन बघायचं. किंवा सगळ्यांनी एकदम हलायचं.

दुसरा पर्याय मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण तो अर्ध्या तासात बाद झाला. दोन घरांची भाडी आणि तीन वर्षांची लेक, एवढं म्हटल्यावर चर्चा संपली. सहा महिन्यांचं एका खोलीचं भाडं सहा-सात हजार डॉलर झालं असतं. ते ‘वाया’ जाणार होतं. पुढे एकदम हलण्यापायी पहिल्या महिन्यातच खिशातून गेले तेही ७ हजारच.

व्हिसाची बाजू मात्र त्यांनी नीट पाहिली. नवीन मालक आल्यावर लेबर सर्टिफिकेशनपासूनची (मजूर खात्याच्या मंजुरीपासूनची) ग्रीन कार्डाची प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पण जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, टिकते. वकिलाकडून तेवढं लेखी घेतलं होतं. मॅनेजरच्या होकाराबाबत हीच सावधगिरी का दाखवली नाही, असं मी विचारलं. रेवती म्हणाली, ‘मॅनेजर ओळखीचा होता, वकील अनोळखी.’

एक चौथा पर्यायही होता, पण तो त्यांना सुचलाच नाही. त्याबद्दल पुढे.

पहिले सहा महिने

२०२३च्या ऑगस्टमध्ये कुटुंब हललं. कंपनीने स्थलांतरासाठी ६ हजार डॉलर दिले, हातात आले ३,९००. २०१८पासून ही रक्कम पगारासारखीच करपात्र धरली जाते, हे फार थोड्यांना आधी माहीत असतं. ट्रक, प्रवास, दोन्हीकडचं अर्धवट भाडं आणि अनामत मिळून ७,९०० खर्च झाले. ४ हजार तिथेच खिशातून गेले.

तिसऱ्या आठवड्यात दुसरी गाडी आली. गावात बस आहे, पण सकाळी सचिन गाडी घेऊन गेला की रेवती आणि मुलगी घरात अडकत. दुकान दीड मैलावर, आणि मधला रस्ता असा की कडेने चालायला पदपथ नाही. सोळा हजारांची जुनी सेडान घेतली. ३ हजार रोख, उरलेल्याचा हप्ता ४१०. दोन गाड्यांचा विमा, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले पैसे धरून वाहनखर्च ३३० वरून ९८० झाला. (पेट्रोल भरण्याचा किस्साही याच आठवड्यातला. न्यू जर्सीत १९४९पासून ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. तिथेच गाडी शिकलेली रेवती पंपावर दहा मिनिटं माणसाची वाट बघत बसली.)

डेकेअरचा दर त्यांनी बरोबर लिहिला होता. जागा नव्हती, एवढंच. चार ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव घालून शेवटी घरी सांभाळणारी बाई ठेवली, महिन्याला १,४००. एडिसनला पायी अंतरावर तीन पाळणाघरं होती. तिथला दर चढा, पण फोन केला की आठवड्यात जागा. दर आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे भाड्याच्या घराला जितकं लागू तितकंच पाळणाघराला.

वाणसामानाचं आणखी वेगळं. दूध, अंडी, भाजी इथे थोडी स्वस्त, आणि साध्या खाद्यपदार्थांवर इंडियानात विक्रीकरही नाही. पण तूरडाळ, ज्वारीचं पीठ, गोडा मसाल्याचं सामान, कडीपत्ता यांसाठी इंडियानापोलिस गाठावं लागे, एकेरी ४५ मैल. गेलं की दोन महिन्यांचं भरायचं, मग जास्तच भरायचं, मग तिथेच जेवायचं. ७००च्या जागी ८२० गेले. कपड्यांचंही तसंच. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, इथे सरसकट ७ टक्के. तिघांचे हिवाळी कोट आणि बूट घेताना तो जाणवला. टाऊनहाऊस मोठं, त्यामुळे घर तापवणारी गॅसची भट्टी, वीज, पाणी मिळून ३२०चे ४७० झाले.

नोव्हेंबरमध्ये मुलीला तापात आकडी आली. रात्री दोन वाजता ९११ला फोन, अँब्युलन्स, इमर्जन्सी. पोर तीन तासांत खेळायला लागली. त्या रात्री फोन केला यात काडीचीही चूक नव्हती आणि खर्चाच्या चर्चेत तो निर्णय मी ओढणारही नाही. पण बिलं तीन आली : इस्पितळाचं २,१००, डॉक्टरांचं वेगळं ५४०, अँब्युलन्सचं १,१५०. वार्षिक डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) ३,२०० होतं आणि त्यातलं काहीच भरलेलं नव्हतं. इमर्जन्सीमध्ये नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरने अचानक मोठं बिल पाठवू नये असा केंद्रीय कायदा २०२२च्या जानेवारीपासून आहे, पण रस्त्यावरून धावणाऱ्या अँब्युलन्सला तो लागू नाही. अँब्युलन्स नेमकी नेटवर्कबाहेरची निघाली.

इथे रेवतीने एक चांगली गोष्ट केली. तिने बाबवार बिल मागवलं. त्यात एक नोंद दोनदा लागलेली सापडली, १८० डॉलर कमी झाले. सचिनच्या कंपनीने आरोग्य बचत खात्यात टाकलेले १,००० वापरले आणि उरलेल्या २,६१० चे बिनव्याजी अठरा हप्ते बांधून घेतले, महिना १४५. मागितल्याशिवाय कुणी हे देत नाही. मागितल्यावर बहुतेक ठिकाणी देतात.

जानेवारीत सहा महिन्यांची सरासरी काढली. भाडं १,४५०, सांभाळणारी बाई १,४००, गाड्या ९८०, वाणसामान ८२०, वीज वगैरे ४७०, बाहेरचं खाणं १८०, दवाखाना २६०, भारतात ५००, इतर ७५०. एकूण ६,८१०. शिल्लक ३,२९०.

न्यू जर्सीत ३,३२० उरत होते. एवढा खटाटोप करून शिल्लक महिन्याला ३० डॉलरने कमी.

भाडं खरंच हजाराने उतरलं होतं, त्यात फसवणूक नव्हती. पण ते हजार गाडी, बाई आणि भट्टी यांनी वाटून घेतले होते. त्यांची वही बघताना माझ्या लक्षात आलं ते असं : लहान गावात पहिली गोष्ट स्वस्त असते, दुसरी महाग. पहिलं घर स्वस्त, दुसरी गाडी महाग. पहिलं पाळणाघर भरलं की दुसरं नाही. नवऱ्याची नोकरी मिळते, बायकोची शोधावी लागते.

निर्णयाची पहिली वेळ : फेब्रुवारी २०२४

शेवटचं वाक्य तेव्हा मी लिहिलेलं नव्हतं. ते रेवतीने लिहायला लावलं.

जानेवारीअखेर तिच्या कंपनीची मेल आली. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात हजेरी, अपवाद नाही. मनुष्यबळ विभागाने आणखी एक कारण जोडलं. इंडियानात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला पगार द्यायचा तर त्या राज्यात मालक म्हणून नोंदणी, तिथली करकपात, बेकारी विमा हे सगळं करावं लागतं, आणि एका माणसासाठी त्यांना ते करायचं नव्हतं. मॅनेजरला वाईट वाटलं. फेब्रुवारीत तिचा शेवटचा दिवस झाला.

त्याच आठवड्यात डेकेअरचा फोन आला. जागा झाली आहे, पूर्ण वेळ, १,१५०. दोन दिवसांत कळवा.

हातात आता फक्त सचिनचे ५,९५०. पूर्ण वेळ डेकेअर घेतलं तर खर्च ६,५६०, महिन्याला ६१०ची तूट. जागा सोडली तर आई घरात आहेच, पैसे वाचतात. सचिनचं मत जागा सोडावी असं होतं. नाशिकहून रेवतीच्या आईचंही तेच : ‘घरी आहेस तर पोरीला कशाला पाठवायचं?’ रेवतीचं म्हणणं वेगळं. जागा सोडली तर नोकरी मिळेल तेव्हा पुन्हा यादीत तळाला, आणि मुलाखतीला जायचं तर मुलीला ठेवायचं कुठे? तिने डेकेअरला तिसराच प्रश्न विचारला : तीन दिवस मिळतील का? मिळाले, ७२० डॉलरला.

६,१३० खर्च, १८०ची तूट. ‘इतर’ सदरातून २५० कापले आणि वही जेमतेम जमेच्या बाजूला आली, महिना ७० डॉलर.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. त्याला नाव मात्र ‘डेकेअरचा खर्च’ असं पडल्यामुळे घरात त्यावर वाद होत राहिला. तो खर्च डेकेअरचा नव्हता, नोकरी शोधण्याचा होता.

निर्णयाची दुसरी वेळ : घर

मे २०२४ मध्ये सचिनने पुन्हा घराचा विषय काढला. दोन घरं पाहिली होती. एक २ लाख ४५ हजारांचं, गावाच्या पश्चिमेला. दुसरं २ लाख ५ हजारांचं, हॉ क्रीक नावाच्या ओढ्याजवळ. दोन्ही आकडे एडिसनच्या माणसाला खोटे वाटतील असे.

ओढ्याजवळचं घर स्वस्त का, हे विचारायला त्यांनी मला फोन केला. ७ जून २००८ रोजी या ओढ्याला असा पूर आला की गावातलं इस्पितळ रिकामं करावं लागलं आणि ते कित्येक आठवडे बंद राहिलं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्यासाठी वेगळा विमा काढावा लागतो. घर फेमा या केंद्रीय आपत्ती खात्याच्या नकाशावर पूरक्षेत्रात असेल तर कर्ज देणारी बँक तो सक्तीने घ्यायला लावते. त्या घरासाठी विम्याचा अंदाज आला वर्षाला १,९००. चाळीस हजारांचा फरक पाहता सचिन तरीही डळमळत होता. मी म्हटलं, विमा पैसे देईल, पण विकायला काढाल तेव्हा पुढचा गिऱ्हाईकही हाच नकाशा बघेल.

पश्चिमेकडच्या घराचा हिशोब सरळ होता. १० टक्के रोख भरून उरलेल्यावर ६.८ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता १,४४०. मालमत्ता कर २००, विमा १२०, रोख कमी भरल्यामुळे लागणारा कर्जविमा ९०. एकूण १,८५०, आणि छप्पर गळलं तर आपलंच. भाडं वाढून १,५०० झालं होतं. २०२१च्या सुरुवातीला व्याज पावणेतीन टक्क्यांखाली होतं, तेव्हा हेच घर भाड्यापेक्षा स्वस्त पडलं असतं.

साडेतीनशेचा फरक हे न घेण्याचं मुख्य कारण नव्हतं. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला साठ दिवसांची मुदत असते. एडिसनला साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधताना घर बदलावं लागत नाही. कोलंबसमध्ये इंजिनं आणि इंजिनांचे सुटे भाग यांबाहेर सचिनच्या कामाच्या जागा फार थोड्या. धंदा मंदावला तर नोकऱ्याही एकदम कमी होतील आणि घर विकणारेही एकदम वाढतील. भाड्याचं घर सोडायला दोन महिन्यांची सूचना पुरते.

त्यांनी घर घेतलं नाही. सचिन आठवडाभर गप्प होता.

निर्णयाची तिसरी वेळ : दोन नोकऱ्या

सप्टेंबरमध्ये रेवतीला एकाच पंधरवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक गावातच, चार मैलांवर, सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात, ४७ हजार. दुसरी इंडियानापोलिसला, टेस्टिंगचीच, ६४ हजार, आठवड्यातून तीन दिवस जायचं, एकेरी ४६ मैल.

सतरा हजारांचा फरक बघून उत्तर उघड वाटतं. आम्ही तिघांनी टेबलाशी बसून ते उकललं. सचिनच्या पगारावर दुसरा पगार चढला की त्यातला मोठा भाग २२ टक्क्यांच्या पायरीवर जातो, शिवाय सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर या सरकारी निवृत्ती आणि आरोग्य योजनांची कपात, राज्याचा आयकर, आणि इंडियानात जिल्ह्याचा आयकर वेगळा. ६४ हजारांतून महिन्याला हातात ३,६६०. ४७ हजारांतून २,७३०.

आता गाडी. सचिनने फक्त पेट्रोल धरलं होतं. मी सरकारी मैलदर धरायला लावला. अमेरिकेचं करखातं २०२४ साली कामाच्या प्रवासासाठी मैलाला ६७ सेंट मान्य करत होतं, कारण त्यात टायर, झीज, विमा, गाडीची उतरणारी किंमत सगळं येतं. महिन्याला १,२०० मैल म्हणजे ८०० डॉलर. डेकेअर पूर्ण वेळ केल्याने ४३० वाढले, उशिरा नेण्याचे १२० वेगळे. उरले २,३१०. गावातल्या नोकरीत डेकेअरचे ४३० आणि गाडीचे ११० वजा जाता २,१९०.

सतरा हजारांचा फरक महिन्याला १२० डॉलरवर आला. त्यासाठी महिन्याला सोळा तास जास्त गाडीत. तासाला साडेसात डॉलर. इंडियानात किमान वेतन तासाला ७.२५ आहे, २००९पासून तेवढंच.

मी म्हटलं, गावातली घे. सचिनही तेच म्हणाला. रेवतीने इंडियानापोलिसची घेतली.

तिचं कारण मला त्या दिवशी पटलं नाही, आता पटतं. गावातला कारखाना ज्यांना माल पुरवतो, त्यांच्याच धंद्यावर सचिनची कंपनी जगते. एकाला ताप आला की दुसऱ्याला शिंक येणार. तिला दोन पगार एकाच फांदीवर नको होते. घराच्या बाबतीत मी त्यांना जे ऐकवलं होतं, तेच तिने मला ऐकवलं.

परिणाम

डिसेंबर २०२४ची वही : हातात ९,६१०. भाडं १,५००, डेकेअर उशिराच्या शुल्कासह १,२७०, गाड्या १,२३०, वाणसामान ७६०, वीज वगैरे ४३०, बाहेरचं खाणं २२०, दवाखाना हप्त्यासकट २६०, भारतात ५००, इतर ६००. एकूण ६,७७०. शिल्लक २,८४०.

न्यू जर्सी सोडताना होती त्यापेक्षा ४८० कमी. शिवाय रेवतीची निवृत्तीची कपात अजून सुरू झालेली नाही, म्हणजे खरा फरक थोडा जास्तच.

तरी परत जायचं का, या प्रश्नाला दोघांनी नाही म्हटलं. सचिन साडेपाचला घरी असतो. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल तेव्हा डेकेअरचा मोठा भाग सुटेल, आणि सरकारी शाळांत पुस्तकांचं शुल्क घेणं इंडियानाने २०२३-२४पासून बंद केलं आहे. गाडीचा हप्ता २०२६ मध्ये फिटेल. ही सगळी कारणं खरी आहेत, पण यांतलं एकही त्यांच्या पहिल्या वहीत नव्हतं. ते १,४३० डॉलरसाठी आले आणि वेगळ्याच गोष्टींसाठी थांबले.

वेगळं काय करता आलं असतं

तोंडी होकार. मॅनेजर होकार देतो, पगार देत नाही. राज्य बदलून घरून काम करायचं असेल तर मनुष्यबळ विभागाकडून एकच लेखी उत्तर हवं : त्या राज्यात तुमची नोंदणी आहे का? हे उत्तर जूनमध्येच ‘नाही’ असं आलं असतं आणि सगळी वही एका पगारावर मांडली गेली असती. मग ते कदाचित आलेच नसते, किंवा निम्म्या भाड्याच्या घरात आले असते.

चौथा पर्याय. कोलंबस आणि इंडियानापोलिस यांना जोडणाऱ्या आय-६५ महामार्गावर फ्रँकलिन आणि ग्रीनवुड ही गावं आहेत. तिथे राहिले असते तर सचिनला पंचवीस-पस्तीस मैल, पण रेवतीला शहरातल्या नोकऱ्या, तीन-चार पाळणाघरं आणि देशी दुकान हाताशी. भाडं शे-दीडशेने जास्त. नवऱ्याच्या कार्यालयाभोवती कंपासने वर्तुळ काढून घर शोधायची आपल्याकडे सवय आहे. या घरात दोन कार्यालयं असणार होती, मग वर्तुळंही दोन काढायला हवी होती.

डेकेअरच्या यादीत नाव नोकरीचं पत्र आलं त्याच दिवशी घालायला हवं होतं, घर मिळण्याच्या आधी. पन्नास-शंभर डॉलर नोंदणी बुडाली तर बुडाली.

वहीत एक सदर कमी होतं, तासांचं. १२० डॉलरची गोष्ट तासांत मांडली नसती तर ती सतरा हजारांचीच राहिली असती. रेवतीने तरीही उलटा निर्णय घेतला, पण काय देऊन काय घेते आहे ते तिला माहीत होतं.

माझीही एक चूक इथे नोंदवते. फेब्रुवारीत त्यांनी मला वही दाखवली तेव्हा मी खर्च कुठे कापता येईल तेवढंच बघितलं. भारतात जाणाऱ्या ५००ला मी हात लावला नाही, कारण तो लावायचा नसतो असं मीच गृहीत धरलं होतं. सप्टेंबरमध्ये सचिनच्या वडिलांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की ते पैसे ते वर्षभर जसेच्या तसे नातीच्या नावावर ठेवत होते. ‘तुम्हाला लागत होते तर सांगायचं ना,’ म्हणाले. विचारलं असतं तर ओढाताणीचे ते महिने गेले तसे गेले नसते.

वाणसामानाचे ८२०चे ७६० झाले ते मात्र कुणाच्या सल्ल्याने नव्हे. गावातल्या चार मराठी घरांनी पाळी लावली आहे. दर शनिवारी एकच गाडी इंडियानापोलिसला जाते, चारही घरांची यादी घेऊन, त्यामुळे प्रत्येकाला महिन्यातून एकच फेरी पडते. या शनिवारी पाळी सचिनची. यादी मला दाखवली त्याने : दोन पोती तांदूळ, पोहे जाडे, पोहे पातळ, हिंग, आणि कुणीतरी कडीपत्त्यापुढे तीन उद्गारचिन्हं काढलेली, कारण मागच्या वेळी तो विसरला होता.